मोटारगाडीच्या दारातील पाण्याचा निचरा

मोटारगाडीचे दार बाहेरून भरीव वाटत असले, तरी ते आतून पोकळ असते आणि पावसात या पोकळीत थोडेफार पाणी शिरतेच. दाराच्या अभिकल्पात हे गृहीत धरलेले असून शिरलेले पाणी बैठकीच्या भागात न जाता तळाच्या छिद्रांवाटे बाहेर पडेल, अशी योजना केलेली असते. ही छिद्रे बुजली म्हणजे पाणी दारातच साचते व पत्रा आतून गंजू लागतो. हा गंज बाहेरून दिसू लागेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून निचऱ्याची व्यवस्था समजून घेणे महत्त्वाचे आहे.

आरंभीच्या मोटारगाड्या बहुधा उघड्या असत व पावसापासून बचावासाठी त्यांना कापडी पडदे लावीत. १९२० च्या दशकात बंदिस्त सांगाड्यांचा प्रसार झाला. दारात खाली उतरणाऱ्या काचेसाठी दार पोकळ करावे लागले आणि निचऱ्याचा प्रश्न त्याबरोबरच उद्भवला. अँबॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांत दारांच्या वर छपराच्या कडेने पन्हळ असे व छपरावरील पाणी तीमुळे काचेवर न येता बाजूस जाई. हवेचा रोध व आवाज कमी करण्यासाठी पुढे ही उघडी पन्हळ वगळण्यात आली.

रचना : दार मुख्यतः पत्र्याच्या दोन भागांचे बनलेले असते. बाहेरच्या पत्र्याच्या कडा आतील पत्र्याच्या कडांवरून दुमडून दाबलेल्या असतात. या दोहोंमधील पोकळीत काच वरखाली करणारी यंत्रणा, कुलूप, विजेच्या तारा आणि पुष्कळ गाड्यांत बाजूच्या धडकेपासून संरक्षण देणारी तुळई असते. काच ज्या लांबट फटीतून दारात उतरते, तिच्या बाहेरील कडेस रबरी पट्टी बसविलेली असते. काचेवरून ओघळणारे बरेचसे पाणी ही पट्टी निपटून काढते. परंतु काच सहज सरकावी लागत असल्याने ती पूर्णपणे जलाभेद्य करता येत नाही. उरलेले पाणी काचेच्या बाहेरील पृष्ठावरून पोकळीत उतरते व तळाच्या कडेस असलेल्या लांबट छिद्रांतून किंवा खाचांतून बाहेर पडते. काही गाड्यांत या छिद्रांवर लहान रबरी झडपा असतात. सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून काढताना पोकळीत रंग शिरण्यास व जादा रंग निथळून जाण्यासही हीच छिद्रे उपयोगी पडतात.

आतील पत्र्यात यंत्रणा बसविण्यासाठी मोठी भोके ठेवलेली असतात. त्यांवर पॉलिएथिलिनाचा किंवा फेसाळ प्लॅस्टिकचा पडदा चिकट रबराच्या पट्टीने चिकटविलेला असतो आणि त्यावर शोभेचे अस्तर असते. आतील बाजूस उडालेले थेंब या पडद्यावरून ओघळून परत पोकळीत जातात. कौलारू छपरावर वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, त्याच तत्त्वाने पडद्याची खालची कड पोकळीच्या बाजूस पाणी सोडील अशी बसविलेली असते.

पाणी साचण्याची कारणे व लक्षणे : फटीतून आत गेलेली धूळ, चाकांमुळे उडणारा चिखल आणि पालापाचोळा यांचा गाळ छिद्रांवर बसतो. गुलमोहरासारख्या झाडांची बारीक पर्णके व फुलांचे तुकडे फटीतून सहज आत जातात. अशा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हा दोष लवकर उद्भवतो. दुरुस्तीच्या वेळी दिलेला रंग किंवा तळाला फासलेले गंजरोधक लेपद्रव्य यांनीही छिद्रे बुजतात. काचेची रबरी पट्टी उन्हाने कडक होऊन भेगाळली, तर आत येणारे पाणी वाढते.

दार उघडताना अथवा गाडी थांबताना दारातून पाणी डचमळल्याचा आवाज येणे हे मुख्य लक्षण होय. दार जड लागणे, काचा आतून धुरकटणे, कुबट वास येणे व तळाच्या कडेजवळ रंगाला फोड येणे ही इतर लक्षणे आहेत. पोकळीची लांबी ९० सेंमी. व रुंदी ५ सेंमी. धरल्यास १० सेंमी. उंचीपर्यंत साचलेले पाणी ४.५ लि. भरते, म्हणजेच बिजागऱ्यांवर सु. ४.५ किग्रॅ. जादा भार पडतो. पायाखालची सतरंजी ओली होण्याचे कारण मात्र नेहमी दारातच असते असे नाही. वातानुकूलन यंत्रणेची निचरा नळी किंवा छपरातील झरोक्याच्या नळ्या तुंबल्यानेही तसे होते.

परिणाम : लोखंड गंजण्यास पाणी व ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. दाराच्या तळाची दुमड या दृष्टीने सर्वांत दुर्बल असते. तेथील अरुंद फटीत केशाकर्षणाने पाणी खेचले जाते आणि वाऱ्याअभावी ते लवकर वाळत नाही. फटीच्या खोल भागात ऑक्सिजन कमी व कडेशी अधिक असल्याने सूक्ष्म विद्युत् घट तयार होतो आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भागातील धातू झिजतो. पाण्यात मीठ असल्यास त्याची विद्युत् संवाहकता वाढून ही क्रिया शीघ्र होते. त्यामुळे खारी हवा व सु. चार महिन्यांचा जोरदार पाऊस असलेल्या कोकणपट्टीत विशेष काळजी घ्यावी लागते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने दुमड फाकते, रंग उचलला जातो व शेवटी पत्र्याला भोके पडतात.

यावर उपाय म्हणून जस्तलेपित पोलाद वापरात आले. पोर्शे कंपनीने १९७५ मध्ये ९११ या गाडीच्या सांगाड्यासाठी व आउडी कंपनीने १९८५ मध्ये १०० या गाडीसाठी त्याचा अवलंब केला. जस्त स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते. परंतु त्याचा थर पातळ असल्याने सतत पाण्यात राहणाऱ्या भागी तोही कालांतराने संपतो.

निचरा करण्याची पद्धत : गाडी सपाट जागी उभी करून दार उघडावे व तळाच्या कडेची छिद्रे खालून शोधावीत. लाकडी किंवा प्लॅस्टिकची बारीक काडी छिद्रात हलकेच फिरवून गाळ सैल करावा. तार किंवा पेचकस वापरल्यास छिद्राच्या कडेचा रंग खरवडला जाऊन तेथूनच गंज सुरू होतो. साचलेले पाणी वाहून गेल्यावर काचेच्या बाहेरील फटीतून मंद धारेने स्वच्छ पाणी सोडावे. ते लगेच आणि सर्व छिद्रांतून बाहेर आले, तर मार्ग मोकळा झाला असे समजावे. नंतर दार उघडे ठेवून पोकळी वाळू द्यावी आणि शक्य असल्यास तळाच्या दुमडीत पोकळीसाठीचे गंजरोधक मेण फवारावे. मात्र त्याने छिद्रे पुन्हा बुजणार नाहीत हे पाहावे. दाराला नवी भोके पाडणे हा योग्य उपाय नव्हे. त्यामुळे काचेला वा तारांना इजा होऊ शकते व भोकाची कड उघडी पडते.

छिद्रे मोकळी असूनही पाणी बैठकीच्या भागात येत असल्यास पडदा फाटला किंवा सुटला आहे असे समजावे. कुलूप वा ध्वनिक्षेपक बसविताना हा पडदा कापून तसाच सोडल्याने पुष्कळदा हा दोष उद्भवतो. काही आधुनिक गाड्यांत बाजूची धडक ओळखणारे संवेदक दाराच्या पोकळीतील हवेच्या दाबावर चालतात. अशा गाड्यांत आतील बाजू पूर्ववत बंद करणे केवळ पाण्यासाठीच नव्हे, तर सुरक्षिततेसाठीही आवश्यक असते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पुरात बुडालेल्या गाडीला वरील उपाय पुरेसे नसतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, त्या वेळी असंख्य गाड्या गढूळ पाण्याखाली गेल्या होत्या. अशा वेळी विद्युत् प्रवाह सुरू न करता घटमाला सोडवावी लागते. अस्तर व पडदा काढून पोकळीतील गाळ स्वच्छ पाण्याने धुतात आणि तारांची जोडणी वाळवून मगच दार पुन्हा बंद करतात. एरव्ही पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी चारही दारांची छिद्रे तपासणे पुरेसे होते.