प्रकल्प-व्यवस्थापक : नेतृत्व व निर्णयक्षमता

ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या खर्चात एकदाच करावयाच्या कामास प्रकल्प म्हणतात. धरण, पूल, लोहमार्ग, कारखान्याची उभारणी ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा कामातील माणसे, सामग्री, पैसा व वेळ यांची सांगड घालून ते तडीस नेण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपविलेली असते, तो प्रकल्प-व्यवस्थापक होय. नित्याच्या उत्पादनात आज झालेली चूक उद्या सुधारता येते, कारण तेच काम उद्या पुन्हा होणार असते; प्रकल्पात ही सोय क्वचितच मिळते. शिवाय ज्यांच्याकडून काम करवून घ्यावयाचे, त्यांपैकी पुष्कळसे लोक व्यवस्थापकाचे नोकर नसतात. आरेखक, ठेकेदार, यंत्रपुरवठादार, वीज व पाणी यांची खाती या सर्वांचे वरिष्ठ निराळे असतात. अधिकारापेक्षा जबाबदारी मोठी, ही या पदाची मूळ अडचण असून नेतृत्व व निर्णयक्षमता या गुणांचा विचार तिच्या संदर्भातच करावा लागतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री गँट याच्या नावाने ओळखले जाणारे पट्टी-आलेख कामाचे वेळापत्रक दाखविण्यासाठी वापरात आले. पुढे १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत ‘क्रांतिक मार्ग’ व ‘पर्ट’ ही जाल-विश्लेषणाची तंत्रे निर्माण झाली. त्यांपैकी दुसरे तेथील नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी तयार करण्यात आले होते. कोणत्या कामाच्या विलंबाने संपूर्ण प्रकल्प लांबतो, हे या तंत्रांनी कळते. परंतु तो विलंब होणार आहे, हे व्यवस्थापकास वेळेवर सांगण्याचे काम आलेख करीत नाही, माणसे करतात. हर्बर्ट सायमन (१९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक) याने दाखविल्याप्रमाणे निर्णय घेणाऱ्याजवळ माहिती, वेळ व आकलन ही नेहमीच मर्यादित असतात. सर्वोत्तम पर्याय शोधण्याऐवजी पुरेसा समाधानकारक पर्याय तो स्वीकारतो. प्रकल्पात ही मर्यादा अधिकच जाणवते, कारण तेथे न घेतलेला निर्णयही खर्चाचाच ठरतो.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे क्षेत्र आता महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या औद्योगिक क्षेत्रासाठीही प्रसिद्ध आहे. मोटारी, घरगुती विद्युत् उपकरणे इ. बनविणारे मोठे कारखाने तेथे आहेत. अशा ठिकाणी नवा कारखाना उभारताना पडणारा एक पेच उदाहरणादाखल घेता येईल. मे महिना संपत आला आहे. अवजड यंत्राच्या पायाचा अंतिम आराखडा परदेशी पुरवठादाराकडून आलेला नाही. तात्पुरत्या आराखड्यावर पाया घालावा, तर पुढे तो फोडावा लागण्याची भीती. थांबावे, तर खड्ड्यात पाणी साचण्याची. पंचांग पाहणारा व्यवस्थापक जूनच्या धास्तीने घाई करील. परंतु शिरूरचा हा भाग पर्जन्यछायेतला असून सह्याद्रीलगतच्या मावळासारखा तेथे जूनपासून संततधार पाऊस नसतो. जोराच्या सरी पुष्कळदा परतीच्या पावसात, सप्टेंबरमध्ये येतात. स्थानिक मुकादमास हे ठाऊक असते. भाद्रपदात महागणपतीच्या उत्सवामुळे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर गर्दी होते, म्हणून अवजड यंत्राची वाहतूक त्या दिवसांत ठेवू नये, हेही तोच सांगू शकतो. त्याला विचारले गेले, तर थांबण्यासाठी काही आठवडे हाती आहेत हे कळते आणि पेचाचे स्वरूपच पालटते. बैठकीत ज्याला बसावयास खुर्ची नसते, अशा माणसाजवळची माहिती निर्णयापर्यंत पोचणे ही नेतृत्वाची पहिली कसोटी मानावी लागेल.

ही माहिती वेळेवर पोचून तीवर निर्णय न झाल्यास काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत दारुण उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. मुठेची उपनदी आंबी हिच्यावर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठविण्याच्या हिशेबाने बांधाचे काम रेटण्यात आले. पाणी सोडण्याच्या निर्गममार्गाचे व त्याच्या दरवाज्यांचे काम मात्र अपुरे होते. जुलैमध्ये अतिवृष्टी होऊन जलाशय झपाट्याने भरला. निर्गममार्गातून अनियंत्रित वेगाने पाणी वाहू लागले, त्यावरचा बांध खचू लागला. सैन्याच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा सावरण्याचा प्रयत्न केला. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी शासनाने आयोग नेमला होता. तिची तांत्रिक कारणे व जबाबदारी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या दृष्टीने तीत ध्यानात घेण्यासारखी बाब वेगळी आहे. धरणाची प्रगती साधारणतः बांधाच्या उंचीवरून मोजली जाते, कारण ती डोळ्यांना दिसते व घनमीटरांत मांडता येते. त्या मोजमापाने काम बहुतांशी झालेले दिसत होते. राहिलेला भाग आकाराने लहान, परंतु पाणी अडविणे सुरक्षित आहे की नाही हे त्यावरच अवलंबून होते. पावसाळ्यापूर्वी कोरड्या दिवसांत पर्याय अनेक होते : दरवाजे पुरे होईतो साठा न करणे, बांधाचा काही भाग खुला ठेवणे, मुदत वर्षाने पुढे ढकलणे. प्रत्येकाची किंमत होती व ती कोणाला तरी वरिष्ठांपुढे मांडावी लागली असती. ११ जुलैच्या रात्री पर्याय वाळूच्या पोत्यांवर आले. निर्णयाचे मोल बरेचसे त्याच्या वेळेत असते, ते असे. ठरलेली मुदत पाळण्याबद्दल शाबासकी आणि ती चुकण्याबद्दल केवळ दोष मिळत असेल, तर हाताखालची माणसे अडचण सांगण्यास कचरतात. मग व्यवस्थापक कितीही हुशार असला, तरी त्याचा निर्णय जुन्या माहितीवरच होतो.

कोकण रेल्वेची उभारणी हे याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. त्यासाठी जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन होऊन ई. श्रीधरन हे त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सु. ७४० किमी. लांबीचा मार्ग, नव्वदाहून अधिक बोगदे, लहानमोठे सु. दोन हजार पूल व हजारो खातेदारांकडून संपादन करावयाची जमीन असा त्याचा व्याप होता. संपूर्ण मार्गाचे सुमारे शंभर किमी.चे सात विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपविण्यात आला. जागेवरचे निर्णय जागेवर व्हावेत, असा त्यामागचा हेतू होता. उरलेले दिवस दाखविणारी, उलटी मोजणारी घड्याळे कार्यालयांतून लावण्यात आली होती. त्यांचीच चर्चा अधिक झाली. वास्तविक अधिकारांची ही वाटणी नसती, तर घड्याळे भिंतीवरची शोभा ठरली असती.

या प्रकल्पातही सर्व काही वेळेवर झाले नाही. गोव्यातील मार्गाच्या आखणीस विरोध होऊन १९९३ मध्ये तेथील काम काही काळ थांबले. पेडणे येथील बोगदा मऊ, पाणथळ मातीतून काढावयाचा होता व तो वारंवार ढासळत होता. रत्नागिरी जिल्ह्यातील सहा किमी.हून अधिक लांबीचा करबुडे बोगदा खडकात खोदला गेला; मातीतला दीड किमी.चा पेडणे बोगदा मात्र मार्गाच्या मुदतीस शेवटपर्यंत अडवून राहिला. मूळ लक्ष्य पाच वर्षांचे असता पूर्ण मार्गावर पहिली गाडी २६ जानेवारी १९९८ रोजी धावली. परंतु दरम्यान तयार झालेले तुकडे १९९३ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुले होत होते. एका ठिकाणची अडचण साऱ्या कामाची अडचण होऊ न देणे, हेही निर्णयकौशल्यच होय.

सर्व निर्णय एका मापाने घ्यावयाचे नसतात. जे फिरविता येतात, ते त्वरेने व शक्य तितक्या खालच्या पातळीवर व्हावेत. जे फिरविता येत नाहीत, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवावा. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाखालून आणलेल्या बोगद्याच्या तोंडाशी राखलेला अखेरचा खडक सुरुंगाने उडवून बोगदा जलाशयास जोडण्यात आला. असा सुरुंग एकदाच उडतो. त्यात आधीच्या तयारीचा वाटा जवळजवळ संपूर्ण असतो. व्यवहारात मात्र याच्या उलट चित्र आढळते : खिळ्यांच्या खरेदीची टिपणी चार टेबलांवरून फिरते आणि पाया कोठे घालावयाचा हे उद्‌घाटनाच्या तारखेवरून ठरते.

हे गुण जन्मजात असतात की शिकविता येतात, हा वाद जुना आहे. व्याख्यानांतून तंत्रे कळतात. बांधकाम-व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी, १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘निकमार’ ही संस्था पुण्यात आहे. निर्णयाची सवय मात्र क्रमाने वाढत जाणाऱ्या जबाबदारीतूनच लागते. १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरचा पांबन पूल मोडला, तेव्हा त्याच्या दुरुस्तीचे काम श्रीधरन यांच्याकडे आले. त्या वेळी ते बत्तिशीतले अभियंता होते. रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठेवली असता पूल ४६ दिवसांत उभा राहिला. तरुण अभियंत्यास लहान पण संपूर्ण काम द्यावे, त्यातील खर्चाचे व मुदतीचे निर्णय त्याचेच असू द्यावेत आणि वरिष्ठाने विचारल्यावाचून हात घालू नये, ही पद्धत खर्चिक दिसली तरी तिला दुसरा पर्याय आढळत नाही.

तिच्या जोडीला निर्णयांची नोंदवही उपयोगी पडते. निर्णय कोणत्या दिवशी, कोणत्या माहितीवर घेतला, कोणते पर्याय बाजूस ठेवले व काय घडल्यास त्याचा फेरविचार करावयाचा, एवढ्याच बाबी तीत असतात. परिणाम कळल्यावर मागचे सारे उघड वाटू लागते; नोंद असली, तर वाईट निर्णय व दुर्दैव यांतला भेद नंतर करता येतो. सार्वजनिक प्रकल्पांत तिची गरज आणखी एका कारणाने भासते. अधिकाऱ्याची नेमणूक साधारणतः काही वर्षांची व धरणाचे काम पुष्कळदा त्याच्या अनेकपट काळाचे असल्याने एकाच प्रकल्पावर अनेक व्यवस्थापक येऊन जातात, आणि नव्याने आलेल्यास मोजमाप-पुस्तिकेतून झालेले काम कळते, ते तसे का केले हे कळत नाही.