मनाला पुरावा मागायला शिकवूया

शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५चा आदेश एव्हाना सर्वांना माहीत आहे. २०२२ या एकाच वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, तेव्हा आदेशाची गरज कुणी नाकारणार नाही. नेमणुका होतीलच. पण नेमलेली व्यक्ती मुलाशी काय बोलणार आणि कुठल्या भाषेत बोलणार, याची चर्चा मला कुठे दिसत नाही.

गोव्यात डिचोलीतल्या शिरगावसारख्या गावात गोष्ट भाषेपासूनच सुरू होते. घरात कोकणी, सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी मराठी, आणि पाचवीत पाऊल टाकलं की गणित-विज्ञान एकदम इंग्रजीतून. चौथीपर्यंत सतत हात वर करणारं मूल अचानक गप्प होतं. ‘म्हाका जमना’ हे वाक्य त्याच्या मनात घर करतं, आणि वर्षभरात त्याचं ‘मी ढच आहे’ होतं. मोठी माणसं मायेने सांगतात, “असं म्हणू नये रे, चांगला विचार कर.” मुलाचा या सांगण्यावर विश्वास बसत नाही, कारण त्याच्या शंकेला कुणी हातच लावलेला नसतो.

इथे अल्बर्ट एलिस आठवतो. न्यूयॉर्कचा हा मानसशास्त्रज्ञ (१९१३–२००७) तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला एक काम लावून घेतलं. घराजवळच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. त्याच्याच सांगण्यानुसार महिनाभरात अशा १३० जणी भेटल्या. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशेबाने पाहिलं तर सपशेल अपयश. पण नकार मिळाला तर आभाळ कोसळेल ही त्याची समजूत त्या महिन्यात शंभरदा खोटी ठरली आणि भीती गेली. पुढे १९५५च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला थेट खचवत नाही, तिच्याबद्दल आपण धरलेला समज खचवतो, हा तिचा गाभा. मराठीत ती रुजवायला किशोर फडके झटले, डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने ही पद्धत लोकांपर्यंत नेली. म्हणजे आपल्या भाषेत सामग्री तयार आहे.

पाचवीतल्या त्या मुलाशी याच रीतीने, त्याच्या समजाचा पुरावा मागत, बोलता येतं. जमत नाही म्हणतोस, मग चौथीत भागाकार कुणी केले? तोच भागाकार मराठीत दिला तर येतो का? येत असेल तर अडलंय काय, गणित की गणितातले इंग्रजी शब्द? बाकावरच्या मित्राला असं झालं असतं, तर त्याला तू ढ म्हणाला असतास का? उत्तरं मुलानेच शोधायची. एका बैठकीत हे साधत नाही, पण ‘मी ढ’ या निकालाची जागा ‘मला शब्द शिकायचेत’ या कामाने घेतली की मूल हलतं.

मात्र प्रत्येक दुखरा विचार खोटा नसतो. ३ मे २०२५च्या पहाटे याच शिरगावात लईराई देवीच्या जत्रेतल्या चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्यानंतर कुणी मूल रडलं, गर्दीला घाबरलं, तर त्याच्याकडे पुरावे मागायचे नाहीत, जवळ बसायचं. दुःख आणि खचणं वेगळं, हे एलिसही बजावून सांगत असे. ‘मी हात सोडला म्हणून झालं’ असं मूल पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, तर तो समज हळूहळू तपासावा. आणि ‘सर मला सगळ्यांसमोर हसतात’ ही तक्रार खरी असेल, तर सुधारायला हवं सरांनी.

हे काम कुणी करायचं? पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधल्या शाळांत केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तो नुसत्या विचार तपासण्यापुरता नव्हता, शाळेचं सगळं वातावरण सुधारण्याचा होता. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काही शाळांत त्यासाठी तयार केलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत मुलांची उदासी आणि दांडगाई कमी झाली, शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. माझ्या मते यात नवल नाही. गुण देणाऱ्या माणसापुढे मूल ‘मी ढ’ हे कसं कबूल करेल? गोव्यात शिक्षण विकास महामंडळाने शाळांना समुपदेशक दिलेलेच आहेत. त्यांना तासिका, कागदपत्रं आणि सभागृहातली भाषणं यांतून सोडवा, मुलांच्या घरच्या बोलीत बोलू द्या.

पालकांना एवढंच सांगणं आहे की निकालाच्या दिवशी उपदेशाआधी विचारा, ‘तुका कितें दिसता?’ (तुला काय वाटतं?) आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. मूल जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोललं, तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.