जात्यापाशी भेटणारा देव

महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनाचा विचार करताना अभ्यासकांची नजर सहसा देवळाकडे, वारीकडे आणि पोथीकडे वळते. परंतु पहाटेच्या अंधारात, घरातील इतर माणसे झोपेत असताना, दळायला बसलेल्या बाईचे जाते हेही शतकानुशतके उपासनेचे एक ठिकाण होते आणि त्या उपासनेला ना पुरोहित लागत होता, ना मुहूर्त.

जाते म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन गोल दगडी तळ्या. खालची तळी स्थिर असते, वरची लाकडी खुंट्याने फिरवली जाते आणि तिच्या तोंडातून मुठीने धान्य सोडले जाते, ज्याला वैरण म्हणतात. दगड झिजला की त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून, पुन्हा खरखरीत करावे लागते. या साध्या वस्तूभोवती आदराचे अनेक संकेत तयार झाले: जात्याला पाय लागू नये, ते रिकामे फिरवू नये, लग्नघरी हळद दळण्यापूर्वी त्याला हळदकुंकू वाहावे, आंब्याची पाने आणि सुपारी बांधावी. दळणाऱ्या स्त्रियांनी गाण्यांतून जात्याला थेट देव मानून हाक मारली असून, माहेरच्या माणसापाशी बोलावे तसे मनातले दुःख त्याच्यापाशी बोलून दाखवले आहे.

ही गाणी म्हणजे ओव्या. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे 1290 साली ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून ओवी ही श्रम करणाऱ्या बायकांच्या तोंडी होती. ग्रंथातील ओवी सामान्यतः साडेतीन चरणांची मानली जाते, तर जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, शेवटी यमक जुळवणारी आणि जात्याच्या फेऱ्यांबरोबर लांबवता येणारी असते. पहिली ओवी देवाला वाहायची आणि मग आईबाप, भाऊ, लेकरे यांच्याकडे वळायचे, असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. त्यामुळे पंढरीचा विठ्ठल आणि दिवाळीला न्यायला येणारा भाऊ एकाच दळणात, एकाच सुरात येतात.

वारकरी परंपरेने या अनुभवाला तात्त्विक आधार दिला. आपल्या वाट्याचे कर्म हेच फूल समजून ईश्वराला वाहावे, हा विचार ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात स्पष्टपणे मांडलेला आहे आणि अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यात व तेरच्या गोरोबाकाकांनी कुंभाराच्या चाकावर तोच जगून दाखवला. तरीही जनाबाईचे स्थान या सर्वांहून वेगळे आहे, कारण ती कारागीर नव्हती, नामदेवांच्या घरची दासी होती आणि तिचे काम तिने निवडलेले नव्हते. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, शेण्या वेचतो. काम पवित्र आहे असा उपदेश तिथे नाही, तर थकलेल्या बाईच्या कामाला देवाने हात लावावा ही मागणी आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते आजही दाखवले जाते आणि वारकरी श्रद्धेने ते फिरवतात.

म्हणूनच जात्याच्या या पावित्र्याकडे केवळ हळव्या नजरेने पाहणे अन्यायाचे ठरेल. याच ओव्यांत सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे, मुलीचा जन्म नकोसा झाल्याची खंत आहे. दळणाचे कष्ट इतके होते की पिठाची गिरणी गावात येताच बायकांनी ते आनंदाने सोडले, आणि त्यांनी ते सोडले हे योग्यच झाले. मात्र श्रमाबरोबर गाणेही थांबले. साने गुरुजींनी आणि सरोजिनी बाबर यांनी या ओव्या आस्थेने संग्रहित केल्या. पुढे 1980च्या दशकात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्यातील डोंगराळ भागापासून सुरुवात करून, गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर हा ठेवा ध्वनिमुद्रणांसह क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

या संग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या विशेष लक्षपूर्वक ऐकाव्यात अशा आहेत. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्या घरांतील बायकांनी पहिल्या ओवीच्या मानाच्या जागी भीमराव आंबेडकरांना आणि बुद्धाला बसवले, आंबेडकरांच्या पत्नी रमाबाईंना आपल्या घरातल्या बाईसारखी हाक मारली. आणि कोणाचे नाव आधी घ्यायचे, हे त्यांनी कोणालाही न विचारता खुंटा हातात धरूनच ठरवले.