घरातला टीव्ही : भीती कशाची, काळजी कशाची?

माझ्या दवाखान्यात लहान मुलांना घेऊन येणारे पालक टीव्हीविषयी बहुधा एकच प्रश्न विचारतात. ‘डॉक्टर, हा अगदी पडद्याला नाक लावून बघतो. याचे डोळे बिघडतील का?’ क्वचित एखादे आजोबा ‘त्यातून किरणे बाहेर येतात म्हणे’ अशी शंका काढतात. टीव्ही कशावर ठेवला आहे, त्याची वायर कुठून गेली आहे, रिमोटमधले सेल कुणाच्या हाती लागतात, हे मात्र आजवर मला फारसे कुणी विचारलेले नाही. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना टीव्हीमुळे इजा झालेली जी मुले मी तपासली, त्यांत किरणांची बाधा झालेले एकही नव्हते. कुणाच्या अंगावर टीव्ही पडला होता, कुणाला विजेचा धक्का बसला होता, तर कुणी सेल गिळला होता. म्हणून आज आधी ही जुनी भीती दूर करू आणि मग खऱ्या काळजीकडे वळू.

किरणांची गोष्ट

ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत टीव्ही संचांमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले. लोकांना संचापासून काही फूट दूर बसण्याचा सल्ला दिला गेला आणि १९६८ मध्ये तिथे यासाठी कायदाही झाला. पुढे संचांच्या रचनेत सुधारणा झाली, पण ‘जवळ बसू नका’ हा उपदेश जगभर राहिला. आज घरोघरी असलेल्या चपट्या एलईडी टीव्हीत तर पिक्चर ट्यूबच नसते, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नच उरत नाही.

जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी लववतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. थोड्या विश्रांतीने हे बरे होते. मात्र मूल वारंवार पुढे सरकत असेल, तर त्याला लांबचे कमी दिसत असण्याची शक्यता असते. दटावून मागे बसवण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. दिवसातले सुमारे दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष कमी आढळतो, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

बसण्याचे अंतर पडद्याच्या तिरक्या मापाच्या साधारण दीड ते अडीच पट असावे. म्हणजे ३२ इंची टीव्हीसाठी ४ ते साडेसहा फूट आणि ४३ इंचीसाठी साडेपाच ते ९ फूट. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. आपल्याकडे पुष्कळ घरांत मंडळी खाली सतरंजीवर बसतात आणि टीव्ही मात्र कॅलेंडरच्या उंचीवर टांगलेला असतो. अशा घरांतून मानदुखीची तक्रार आली नाही तरच नवल! खोलीत पूर्ण अंधार करू नये, एखादा दिवा चालू ठेवावा.

ज्यांना फिट्स येतात त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. काहींना झपझप लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये मुलांच्या एका कार्टून मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटाने सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते. अशा रुग्णांनी दूर बसावे, खोलीत उजेड ठेवावा आणि पडदा लुकलुकू लागताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी.

हलका झाला, पण स्थिर नाही

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर आपल्या घरांत जे संच आले ते अवजड खोके होते. पिक्चर ट्यूबच्या जाड काचेमुळे त्यांचे बरेचसे वजन पुढच्या बाजूला असे, त्यामुळे ओढले की ते पुढेच कलंडत. २१ इंची संच सहज २० किलोंच्या घरात जाई. तीन वर्षांच्या मुलाचे स्वतःचे वजन १२ ते १४ किलो असते, यावरून अंदाज यावा. आजचा ३२ इंची टीव्ही ४ ते ६ किलोंचा असतो. पण तो उंच, पातळ आणि दोन लहान पायांवर उभा असतो. मुलाने पडदा धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला की तो खाली येतो आणि त्याची कड नेमकी डोक्यावर बसते.

त्याहून मोठा धोका टीव्हीखालच्या कपाटाचा आहे. माझ्याकडे अडीच वर्षांची एक मुलगी आणली होती. घरच्यांनी तिच्या हाती लागू नये म्हणून रिमोट कपाटावर, टीव्हीच्या मागे ठेवला होता. तिने खालचे दोन खण बाहेर ओढले, त्यांच्या पायऱ्या केल्या आणि ती वर चढली. कपाट, टीव्ही आणि मुलगी एकदमच खाली आली. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. आवाज ऐकून ती धावली, तोवर सगळे होऊन गेले होते. तासाभरात मुलीला दोन उलट्या झाल्या आणि ती गुंगू लागली. तिला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूलगत थोडा रक्तस्राव दिसला. सहा दिवसांनी ती हसतखेळत घरी आली. ‘आईचे लक्ष नव्हते’, असे शेजारीपाजारी म्हणत राहिले. मला ते मान्य नाही. चोवीस तास नजर ठेवणे कोणत्याही आईला शक्य नाही. भिंतीत घट्ट बसवलेले दोन स्क्रू मात्र चोवीस तास काम करतात.

बसवताना काय पाहावे?

टीव्ही भिंतीवर लावणे लहान मुलांच्या घरात सर्वांत सुरक्षित, पण भिंत कशाची आहे हे आधी पाहावे. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून गिट्टी किंवा फास्टनर बसवतात. तो नुसत्या गिलाव्यात अडकून न राहता विटेत खोलवर गेला पाहिजे. जुन्या वाड्यांतील मातीच्या भिंती जाड दिसल्या तरी स्क्रू धरून ठेवत नाहीत. तिथे किंवा प्लायवूडच्या पातळ आडभिंतीवर टीव्ही टांगू नये. ब्रॅकेट आपल्या टीव्हीच्या मापाचे व वजनाचे आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्यावे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नये, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा तिथूनच जातात. ब्रॅकेट बसल्यावर टीव्ही अडकवण्याआधी ते दोन्ही हातांनी जोर लावून खाली ओढून पाहावे. मिस्त्री घाईत असला तरी हे त्याच्यादेखत करावे.

टीव्ही भिंतीवर लावणे शक्य नसेल तर तो बुटक्या, रुंद स्टँडवर शक्य तितका मागे सरकवून ठेवावा. त्याचे पाय कडेच्या बाहेर येता कामा नयेत. टीव्हीच्या पाठीवर ब्रॅकेटसाठी छिद्रे असतात, त्यांत योग्य मापाचे स्क्रू लावून मजबूत पट्ट्याने संच भिंतीला किंवा लाकडी खांबाला बांधावा. कपाटही लोखंडी अँगलने भिंतीला जखडावे. जड वस्तू खालच्या खणांत ठेवाव्यात. आणि मुख्य म्हणजे रिमोट, खाऊ किंवा खेळणी टीव्हीजवळ वर ठेवू नयेत. मुलांसाठी ते चढण्याचे आमंत्रणच ठरते.

नवा टीव्ही आला की जुना खोका मुलांच्या खोलीत एखाद्या टेबलावर जातो, हेही टाळावे. जड संच डुगडुगत्या टेबलावर ठेवण्यापेक्षा तो ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावा. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, तेव्हा घरी फोडण्याचा उद्योग करू नये.

विजेशी खेळ नको

१९८७-८८ मध्ये रामायण मालिका लागे तेव्हा लोक टीव्हीला हार घालत, उदबत्ती ओवाळत. तो काळ गेला, पण आजही टीव्हीच्या वरच देवाची फळी आणि तीवर समई किंवा पाण्याचा तांब्या असतो. देव जरूर असावेत, पण थोडे बाजूला. गरम हवा बाहेर जाण्यासाठी टीव्हीच्या मागे व बाजूंना किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी असावी. पडदा पुसताना आधी बटण बंद करावे आणि मऊ, कोरडे फडके वापरावे.

आपल्या घरात २३० व्होल्टचा प्रवाह असतो. प्लग नसलेल्या वायरीची टोके सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काडीने घट्ट करण्याची सवय जिवावर बेतू शकते. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण आधी अर्थिंग जुळावे आणि सर्वांत शेवटी सुटावे. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती तोडू नये, सॉकेट बदलून घ्यावे. टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावू नये. वायर सतरंजीखालून नेऊ नये. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टीव्ही वा बोर्ड नसावा. रिमोटने टीव्ही झोपतो, बंद होत नाही. रात्री भिंतीवरचे बटण बंद करावे. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्यावे. धक्का बसताच ते क्षणार्धात वीज तोडते. टीव्हीची पाठ मात्र स्वतः कधीही उघडू नये. जुन्या खोक्यांत प्लग काढल्यानंतरही हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो.

छत्री बसवताना लोखंडी पाइप विजेच्या तारांपासून दूर असावा. उचललेला पाइप तारेला लागला तर माणूस जागीच जातो. चित्र गेले म्हणून पावसात गच्चीवर चढू नये. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. आभाळ भरून येताच टीव्हीचा प्लग व छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नये. टीव्ही जळाला तरी चालेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते.

रिमोटमधला छोटा शत्रू

बहुतेक रिमोटमध्ये पेन्सिल सेल असतात, पण काहींमध्ये रुपयासारखा चपटा बटन सेल असतो. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर अवघ्या दोन तासांत तिथे खोल भाजल्यासारखी जखम करू शकतो. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते, खायला नको म्हणते किंवा खोकते. नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, केळे किंवा भात चारू नये. जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय आहे अशा रुग्णालयात थेट जावे. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि घरात मध असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मधासाठी वेळ मात्र घालवू नये. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. रिमोटचे झाकण सैल असेल तर चिकटपट्टीने पक्के करावे आणि वापरलेले सेल उघड्यावर टाकू नयेत.

किती वेळ पाहावा?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये (दूरच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणे वगळून) आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. टीव्हीसमोर भरवलेले मूल पोट भरले की नाही याकडे लक्ष देत नाही. जेवताना टीव्ही बंद, हा नियम मोठ्यांनीही पाळला तरच टिकतो.

अपघात झालाच तर

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, गुंगी, बेशुद्धी, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. टीव्ही पेटला तर पाणी ओतू नये. आधी वीज बंद करावी, मग कोरडी वाळू टाकावी. आग आवरत नसेल तर सर्वांनी बाहेर पडावे.

येत्या रविवारी टीव्ही लावण्याआधी दहा मिनिटे काढा. संच हलवून पाहा, कपाटाचे खण ओढून पाहा, प्लग व वायर तपासा, रिमोटचे झाकण दाबून बघा. यातले बरेचसे काम एका पेचकसाने आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या किरकोळ सामानाने होते. ते झाले की मग आवडीचा कार्यक्रम खुशाल पाहा!