तलावाकाठी बिऱ्हाड करताना

महानगरात उमेदीची वर्षे घालविल्यानंतर, किंवा शिक्षण पुरे करून पहिल्या नोकरीच्या शोधात असताना, आपले बिऱ्हाड अशा एखाद्या मध्यम आकाराच्या शहरी न्यावे की जेथे काम मिळेल आणि कामावरून परतल्यावर दिवसाचा थोडा भाग आपल्यासाठी शिल्लक राहील, हा विचार अलीकडे पुष्कळ मराठी घरांत गांभीर्याने केला जातो. अशा वेळी जी नावे पुढे येतात त्यांत भोपाळचे नाव मी आग्रहाने घेईन. २०११ च्या जनगणनेत सुमारे अठरा लाख वस्ती असलेले, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचीवरील टेकड्यांवर पसरलेले हे शहर मुंबईहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासाच्या टप्प्यात आहे आणि नागपूरहून त्याहूनही जवळ. राजधानी असल्यामुळे तेथे सर्व सोयी आहेत, आणि महानगर नसल्यामुळे त्या सोयींपर्यंत पोहोचण्यात माणसाचे आयुष्य खर्ची पडत नाही. तथापि या शहराचे खरे वैभव त्याच्या तलावात आहे, आणि तेथे राहावयास जाणाऱ्याला जे सुख लाभते ते बव्हंशी त्या तलावाचे देणे असते. हे देणे कोठून येते, कशावर टिकते आणि त्याच्या मोबदल्यात नव्या रहिवाशाकडे कोणते कर्तव्य येते, हे आधी समजून घ्यावे आणि मगच तेथे घर करावे.

परंपरा असे सांगते की, अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीच्या प्रवाहाला मातीचा बांध घालून हा तलाव निर्माण केला. आज त्या बांधावर कमला पार्क नावाचे उद्यान असून, तेथून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण बांधावरून चाललो आहोत याची जाणीव असते. बडा तलाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाचा विस्तार पूर्ण भरला असता एकतीस चौरस किलोमीटरांच्या वर जातो, आणि ज्या प्रदेशातून त्यात पाणी वाहत येते ते पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरांचे आहे. बांधाच्या पलीकडचा छोटा तलाव १७९४ साली, नवाबांचे दिवाण छोटे खान यांच्या कारकिर्दीत बांधला गेला. मोठ्या तलावाच्या आग्नेय टोकाला भदभदा येथे विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात अकरा दरवाज्यांचे धरण झाले. पूर्ण भरलेल्या तलावाचे जादा पाणी तेथून कलियासोत नदीत सोडले जाते आणि पुढे बेतवेला मिळते. २००२ साली या दोन्ही तलावांचा अंतर्भाव रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला.

या तलावाशी शहराचे नाते किती निकटचे आहे, हे पाहावयाचे असेल तर पावसाळ्यात जावे. आषाढ लागला की तेथील वर्तमानपत्रांत तलावाची पातळी फुटांमध्ये छापून येऊ लागते, आणि १६६६.८० हा पूर्ण पातळीचा आकडा दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ असतो. पाणी त्या रेषेला टेकून भदभदाचे दरवाजे उघडले असे कळताच बायकामुलांसह, छत्र्या आणि भाजलेली मक्याची कणसे हाती घेऊन, माणसांचे थवेच्या थवे पुलाकडे लोटतात. ज्या नगरातील सामान्य मनुष्य आपल्या पाण्याचा हिशेब फुटाच्या शंभराव्या भागापर्यंत ठेवतो, त्या नगरात पाण्याविषयीची आस्था अद्याप जिवंत आहे, असे मानण्यास हरकत नाही.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळनजीकच कोंडीत धरले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई येथे झालेल्या तहाने माळव्यावरील मराठ्यांचा अंमल निजामाला मान्य करावा लागला. पुढे भोपाळ संस्थानात १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, चार बेगमांनी राज्य केले. वसूल, न्यायदान आणि शिक्षण या तिन्ही खात्यांत त्यांनी घातलेली शिस्त हा हिंदुस्थानच्या इतिहासातील एक असामान्य अध्याय आहे. त्यांच्यापैकी शेवटच्या सुलतान जहाँ बेगम या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या. १ जून १९४९ रोजी संस्थान भारत सरकारच्या कारभाराखाली आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होण्याचा मान या शहराला मिळाला.

भोपाळकडे होणाऱ्या आधुनिक स्थलांतराचा आरंभ त्याच दिवशी झाला असे म्हणावे लागेल. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि सचिवालयातील ज्या अहलकारांची, कारकुनांची, दफ्तरदारांची नेमणूक नव्या राज्याकडे झाली त्यांना आपले संसार भोपाळला हलवावे लागले. ग्वाल्हेर, इंदूर आणि रीवा येथूनही सरकारी माणसे आली, आणि या सर्वांत मराठी कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. दप्तरे येऊन पोहोचली तरी माणसांना राहावयास घरे नव्हती; म्हणून जुन्या तटबंदीच्या शहरापलीकडील माळरानावर सरकारी क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्या नव्या वसाहतीला तात्या टोपे नगर असे एका मराठी सेनानीचे नाव मिळाले. चौऱ्याहत्तर बंगले, अकराशे क्वार्टर, दस नंबर, साडेसहा नंबर अशी जी स्थळनामे नव्या भोपाळात कानी पडतात, ती या सरकारी वसाहतीची आणि तिच्या बसथांब्यांची खूण आहे. त्याच वर्षी जड विद्युत यंत्रांचा सरकारी कारखाना, आजचे भेल, येथे स्थापन झाला, आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कामगारांची व अभियंत्यांची एक स्वतंत्र नगरी वसली. तात्पर्य असे की, नवे भोपाळ हे मुळात नोकरीसाठी आलेल्यांचेच शहर आहे. तेथे शेजाऱ्याला त्याचे मूळ गाव विचारणे हा औपचारिकपणा नसून ओळखीचा पहिला सोपान आहे.

आज तेथे जाणाऱ्यास काम कोणते मिळते? शासन हा अद्यापि मोठा धनी आहे. त्याखालोखाल शिक्षण व संशोधन यांचा क्रम लागतो: मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, एम्स, राष्ट्रीय विधि संस्था, भारतीय वन व्यवस्थापन संस्था, केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि माखनलाल चतुर्वेदी यांच्या नावाचे पत्रकारितेचे विद्यापीठ, इतक्या निरनिराळ्या विद्यांची पीठे एवढ्याशा शहरात एकवटलेली क्वचितच आढळतील. दक्षिणेस मंडीदीपची औद्योगिक वसाहत आहे, आणि तेथे औषधनिर्मितीपासून विद्युतसामग्रीपर्यंतचे कारखाने आहेत. संगणक क्षेत्रातील तरुणाने मात्र ध्यानात घ्यावे की, त्या धंद्यात इंदूर पुढे गेले आहे, आणि खासगी नोकरीतील वेतनाचे मान पुण्याच्या बरोबरीचे भोपाळात सहसा मिळत नाही. घरखर्चातील बचत आणि वाचलेला वेळ जमेस धरूनच या व्यवहाराचा ताळेबंद मांडावा लागतो.

त्या वाचलेल्या वेळाचे काय करावे, हा प्रश्न तेथे पडत नाही. श्यामला टेकडीच्या उतारावर १९८२ साली उघडलेले भारत भवन आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ते असे रचले आहे की, रस्त्यावरून इमारत जवळजवळ दिसतच नाही. एकेक चौक आणि गच्ची उतरत आपण खाली जातो, आणि अखेरच्या पायऱ्यांवर तलाव समोर येतो. तेथील रंगमंडळाला ब. व. कारंथ यांच्यासारखा दिग्दर्शक आणि चित्रदालनाला जगदीश स्वामीनाथन यांच्यासारखा द्रष्टा लाभला, आणि जनगड सिंह श्याम या गोंड चित्रकाराची प्रतिभा त्याच परिसरात बहरली. शेजारीच इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या विस्तीर्ण आवारात निरनिराळ्या जमातींची घरे प्रत्यक्ष बांधून ठेवली आहेत, आणि पाण्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या वनविहार उद्यानात सायकलवरून फिरता येते. जुन्या शहरात सूर्यास्तानंतर दुकानांपुढच्या दगडी पटियांवर गप्पांच्या बैठकी जमतात आणि चिमूटभर मीठ घातलेला सुलेमानी चहा फिरतो. सकाळी पोह्यांवर शेव पसरून शेजारी गरम जिलबी ठेवण्याची माळव्याची रीत मराठी जिभेला पहिल्याच दिवशी रुचते. साँची आणि भीमबेटका ही दोन जागतिक वारसास्थळे सकाळी निघून सायंकाळी परतता येईल इतकी जवळ आहेत.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि सार्वजनिक वाहतूक शहराच्या वाढीच्या मानाने अपुरी असल्यामुळे स्वतःचे वाहन बाळगणे भाग पडते. याहून फार मोठी गोष्ट अशी की, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली; कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्त्यांत मुख्यत्वे कष्टकरी कुटुंबे राहत होती. तेथील भूजल दूषित झाल्यामुळे आसपासच्या वस्त्यांना नळाने पाणी द्यावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या आरंभी, म्हणजे चाळीस वर्षांनंतर, शहराबाहेर नेण्यात आला. नव्या शहराच्या सुखात राहणाऱ्याने हे दुःख आपले नाही असे समजू नये. ज्या नगराने आपल्याला ठाव दिला, त्याच्या जखमांची माहिती असणे हा त्याच्या नागरिकत्वाचाच भाग आहे.

आता पुन्हा तलावाकडे वळू. २००८ सालचा पाऊस कमी झाल्यामुळे २००९ च्या उन्हाळ्यात हा विशाल जलाशय आकसून मूळच्या अल्पांशावर आला. भेगाळलेल्या तळावर नागरिकांनी पाट्या आणि फावडी घेऊन श्रमदान केले व गाळ उपसला. त्यानंतर नर्मदेचे पाणी नळांतून शहरात आले, आणि कोलार धरणाचे तर पूर्वीपासूनच येत होते. तरीही शहराच्या मोठ्या भागाची तहान अद्याप या तलावावरच भागते. नर्मदा आली म्हणून तलाव निश्चिंत झाला असे मुळीच नाही, कारण त्याचे खरे दुखणे पाणलोटात आहे. पश्चिमेकडून, सीहोरच्या दिशेने येणारे पाणी शेतांवरून, ओढ्यानाल्यांतून वाहत तलावात पोहोचते. त्या जमिनीवर जेथे जेथे रस्ता, भराव आणि वसाहत होते, तेथे तेथे पावसाचे पाणी मुरण्याऐवजी माती व सांडपाणी घेऊन धावते, आणि तलाव एकाच वेळी उथळ आणि मलिन होत जातो. २००५ सालापर्यंतसाठी केलेला शहराचा विकास आराखडा मुदत उलटून गेल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिला, आणि त्या काळात काठाकडची जमीन सर्वांत लोभनीय ठरली. खिडकीतून तलाव दिसावा, अशी इच्छा प्रत्येक नवागत धरतो. आणि ती सर्वांची पुरी झाली तर पाहण्यास तलाव उरणार नाही.

म्हणून घर घेताना दृश्याच्या आधी दप्तर पाहावे. आपल्याकडे जसा सातबारा, तसा तेथे खसरा. पटवाऱ्याकडून त्याची नक्कल घ्यावी, जमिनीचे बिगरशेती वापरासाठी रीतसर डायव्हर्शन झाले आहे की नाही हे तपासावे, नगर व ग्राम निवेशन खात्याचा मंजूर नकाशा आणि रेराची नोंदणी मागावी. तलावाची पूर्ण पातळी दाखविणारे सरकारी मुनारे कोठे आहेत हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे, आणि ते पावसाळ्यातच पाहावे, कारण उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जमीन भाद्रपदात तलावाची असते. सांडपाणी गटारयोजनेस जोडले आहे की सरळ नाल्यात जाते, हा प्रश्न विकणाऱ्यास अडचणीचा वाटला तरी विचारावाच. अरेरा कॉलनी, शिवाजी नगर, भेलच्या बाजूच्या वसाहती आणि पूर्व-दक्षिणेकडील नवे भाग पाणलोटाबाहेर आहेत. तेथून काठावर जाण्यास वाहनाने थोडाच वेळ लागतो, आणि तलावाला त्याची तोशीस पडत नाही.

एखाद्या नगराने अनोळखी माणसांना ठाव देण्याची ही परंपरा नागपूरच्या कारकुनांपासून आजच्या संशोधकांपर्यंत अखंड चालत आली आहे, ती त्या नगरापाशी सर्वांना पुरेल इतके पाणी होते म्हणून. जो मनुष्य पाणलोटातील स्वस्त भूखंड नाकारतो, तो आपल्यामागून येणाऱ्या कुटुंबाची सोय करून ठेवतो. आणि स्थलांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी घराने भोपाळचे तिकीट काढण्यापूर्वी हा एक निश्चय आपसांत करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.