मामांचं विमान

"रडायलात का मामा?"

"नाही गं, डोळ्यात काहीतरी गेलं."

२६ सप्टेंबर २०२५. परभणीत आमच्या घरी टीव्हीवर चंडीगडचा सोहळा सुरू होता. मिग-२१ शेवटचं उडून खाली आलं, त्याच्यावर पाण्याचे फवारे उडाले. १९६३ पासूनची ६२ वर्षांची नोकरी संपली, विमानाची! आम्ही पोरं व्हिडिओ काढण्यात दंग. मामा मात्र पंखावरचे रिवेट शोधत होते.

मामा परभणीच्या आयटीआयचे फिटर. सत्तरच्या दशकात ते नाशिकजवळच्या ओझरला गेले. एचएएलने तिथे मिग बांधण्यासाठी १९६४ मध्ये कारखाना उभारला होता. इंजिन ओडिशातल्या कोरापुटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं आणि सांगाडा, जोडणी ओझरची. भारतात अशी सहाशेहून जास्त मिग-२१ तयार झाली. १९७१ च्या युद्धात ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो याच जातीच्या विमानांनी.

पण माझ्या पिढीला मिग माहीत आहे ते 'रंग दे बसंती'मुळे आणि 'उडती शवपेटी' या नावामुळे. शेकडो अपघात झाले, कितीतरी तरुण पायलट गेले. हे खोटं नाही. कॉलेजात असताना मी मामांना सरळच विचारलं होतं, "तुम्हाला काही वाटायचं नाही का?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "अपघाताची बातमी आली की आम्ही आधी विमानाचा नंबर विचारायचो. कारण काही का असेना, त्या रात्री जेवण जायचं नाही."

त्यानंतर मी तो शब्द त्यांच्यासमोर कधी उच्चारला नाही.

मिगची ती लाइन आता नाही. ओझरला नंतर सुखोई बनली, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तिथूनच उड्डाण केलं. पत्त्यात मात्र अजून 'ओझर मिग' लिहितात. विमान गेलं, गावाला चिकटलेलं नाव राहिलं.

पुढच्या महिन्यात मामांना घेऊन निघतेय. तपोवनने मनमाड, तिथून एसटी. आत सोडणार नाहीत, हे त्यांना माहीत आहे. "गेटासमोर थोडा वेळ थांबू," एवढंच म्हणाले. इस्त्रीचा शर्ट आत्ताच काढून ठेवलाय.