अंतराळातील नेम

ज्वारीची राखण करताना ज्यांनी लहानपणी गोफण फिरवली आहे, त्यांना अंतराळातील नेमबाजी समजावून सांगणे कठीण नाही. उडत्या पाखरावर गोटा मारायचा, तर तो पाखरू आज जेथे दिसते तेथे नव्हे, गोटा पोहोचेपर्यंत ते जेथे जाईल तेथे रोखावा लागतो. चित्रपटांतील अंतराळयुद्धात मात्र कळ दाबताच शत्रूचे यान फुटते. प्रत्यक्षात लक्ष्य आणि अस्त्र दोन्ही सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने धावत असतात. शिवाय जे दिसते तेही जुनेच असते. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणून चंद्रसुद्धा आपल्याला सव्वा सेकंदापूर्वीचा दिसतो.

मराठी विज्ञानकथेत हा विषय डॉ. जयंत नारळीकरांनी 'धूमकेतू' या कथेत निराळ्या रीतीने हाताळला. तेथे अण्वस्त्रे नेणारे यान कोणा शत्रूवर नव्हे, पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला वळवण्यासाठी पाठवले जाते. धूमकेतू शोधणाऱ्या दत्तांच्या घरी मात्र संकटनिवारणासाठी यज्ञ होतो. लेखकाचा खरा नेम त्या श्रद्धेवर आहे, हे वाचकाच्या लक्षात येते.

कथेतील कल्पनेची एक परीक्षा २६ सप्टेंबर २०२२ रोजी झाली. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे 'डार्ट' हे यान, कोणतेही स्फोटक न नेता, डायमॉर्फोस या सुमारे १६० मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. पृथ्वीला त्या लघुग्रहापासून धोका नव्हता. हा केवळ सराव होता. यान तेव्हा सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर दूर होते. त्याने पाठवलेले चित्र पाहून उलट आज्ञा देईपर्यंत सव्वा मिनिट उलटले असते आणि तेवढ्यात यान सुमारे साडेचारशे किलोमीटर पुढे गेले असते. म्हणून अखेरचे चार तास सुकाणू यानातील संगणकाकडेच होते. कॅमेऱ्यातील ठिपका ओळखून तोच दिशा सुधारत गेला. त्या धडकेने लघुग्रहाचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटला.

क्षेपणास्त्राला शत्रूपर्यंत नेणारे गणित आणि डार्टला लघुग्रहापर्यंत नेणारे गणित मुळात एकच आहे. लक्ष्य कोठे असेल, हे संगणक सांगू शकतो. लक्ष्य कोणते असावे, हे माणसालाच ठरवावे लागते. आपल्या मुलांना गणिताबरोबर हा विवेकही मिळावा, यासाठीच शाळा असते.